यादी आणि निवाडा : अनामिक जाळ्यातील घरगुती रिले व संकेतस्थळांची बंदी

(१)

संगणकांच्या जागतिक जाळ्याचा इतिहास लिहिताना यंत्रांचा, कंपन्यांचा आणि राज्यसंस्थांचा विचार पुष्कळ होतो. याद्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः या जाळ्यावर कोणास प्रवेश द्यावा आणि कोणास दाराबाहेर ठेवावे, याचा निर्णय आज बऱ्याच अंशी कोणी तरी तयार केलेल्या याद्याच करीत असतात. अशा एका यादीचा आणि तिच्यातून उद्भवलेल्या एका चमत्कारिक अन्यायाचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडण्याचे योजिले आहे.

प्रश्नाचे स्वरूप असे. 'टॉर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनामिक जाळ्यास साहाय्य व्हावे म्हणून एखादा गृहस्थ आपल्या घरच्या संगणकावर एक रिले चालवितो. हा रिले एकीकडून आलेला कूटबद्ध मजकूर पुढच्या रिलेच्या स्वाधीन करतो. कोणत्याही संकेतस्थळाशी त्याचा संबंध येत नाही. परंतु काही दिवसांनी त्याच घरातून, टॉरचा काहीही उपयोग न करता, साध्या रीतीने एखाद्या दुकानाचे, बँकेचे वा वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडू गेल्यास प्रवेश नाकारला जातो. नकाराचे कारण सांगितले जात नाही. ज्याने काही केले नाही त्याला शिक्षा व्हावी, आणि ती कशाबद्दल हेही त्याला कळू नये, ही स्थिती कशी उत्पन्न झाली? ती तंत्राच्या गरजेतून आली की इतिहासाच्या ओघात आली? तिचे मूळ तंत्रात नसून इतिहासात आहे, आणि ते टॉरच्या जन्मापूर्वीच्या एका निराळ्याच झगड्यात शोधावे लागते, असे येथे दाखवावयाचे आहे.

(२)

प्रथम या जाळ्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे. इ. स. १९८१ मध्ये डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने एक निबंध प्रसिद्ध केला. पत्र कोणी कोणास धाडले हे मधल्या कोणासही कळू न देता विद्युत्-टपाल कसे पोचविता येईल, याची रीत त्यात सांगितली होती. पत्रे अनेक मध्यस्थांच्या हातून जावीत आणि प्रत्येक मध्यस्थाने आपल्यापुरते एकच आवरण काढावे, ही त्यातील मूळ कल्पना. पुढे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सिव्हरसन यांनी हीच कल्पना तत्काळ चालणाऱ्या संपर्कास लागू केली आणि १९९६ मध्ये आपली पद्धत विद्वानांपुढे मांडली. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे संदेशावर एकावर एक आवरणे असतात, म्हणून तिला कांद्याचेच नाव मिळाले. रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि सिव्हरसन यांनी तिची दुसरी पिढी म्हणून टॉर तयार केले. २००२ मध्ये ते जाळे कार्यान्वित झाले आणि २००४ मध्ये त्याच्या रचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. २००६ पासून त्याचा कारभार एका विनानफा संस्थेकडे आहे.

टॉरमधील संदेश साधारणतः तीन रिलेंमधून जातो. पहिल्या रिलेस संदेश पाठविणाराचा पत्ता कळतो, पण गंतव्य कळत नाही. तिसऱ्यास गंतव्य कळते, पण पाठविणारा कळत नाही. मधल्यास दोन्हींपैकी काहीच कळत नाही. या तिसऱ्या रिलेस आपण निर्गम-रिले म्हणू. संकेतस्थळाच्या दारावर जी थाप पडते ती केवळ निर्गम-रिलेची असते. उरलेले दोघे त्या दारापर्यंत कधीच जात नाहीत. कोणी निर्गम-रिले व्हावे आणि कोणी होऊ नये, हे चालविणारा स्वतः ठरवितो. प्रत्येक रिले आपले 'निर्गम-धोरण' जाहीर करतो, आणि 'माझ्याकडून बाहेर काहीही जाणार नाही' असे धोरण जाहीर करण्याची मोकळीक त्यास असते. घरी रिले चालविणारे बहुतेक लोक हेच धोरण स्वीकारतात. घरातून निर्गम-रिले चालवू नये असा सल्ला टॉरची संस्थाही देत आली आहे.

(३)

आता यादीकडे वळू. टॉरमधील रिलेंचे पत्ते गुप्त नाहीत. काही मोजकी विश्वस्त यंत्रे परस्परांशी मेळ घालून दर तासाला सर्व रिलेंची एक सर्वसंमत सूची प्रसिद्ध करतात. तीत प्रत्येक रिलेचा पत्ता, त्याची क्षमता आणि त्याच्या निर्गम-धोरणाचा सारांश असतो. वापरणाऱ्याने आपला मार्ग स्वतः निवडावयाचा, तर सर्व वाटा त्याच्यासमोर मांडलेल्या असल्या पाहिजेत. मार्ग दुसऱ्या कोणी निवडून दिला, तर निवडणाराच सर्व जाणू लागेल. म्हणजे यादी उघड असणे हा हलगर्जीपणा नव्हे. तो या रचनेचा पायाच आहे.

या उघडेपणाचा आणखी एक उपयोग निर्मात्यांनी मानला. एखाद्या संकेतस्थळास अनामिक पाहुणे नको असतील, तर निर्गम-रिले कोणते हे त्यास ओळखता आले पाहिजे. याकरिता ज्या पत्त्यांवरून टॉरची वाहतूक बाहेर पडते, तेवढ्याच पत्त्यांची वेगळी यादी संस्थेने उपलब्ध करून दिली. रिलेचा नोंदलेला पत्ता आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्याचा पत्ता काही वेळा भिन्न असतो, म्हणून ही यादी प्रत्यक्ष चाचणी घेऊन तयार केली जाते. तात्पर्य, ज्यास नेमके बोट ठेवावयाचे आहे त्यास नेमके साधन मिळाले होते. असे असता सर्व रिले सरसकट वगळण्याची रीत का पडली?

(४)

याचे उत्तर टपालाच्या इतिहासात आहे. १९९० च्या दशकात विद्युत्-टपालाद्वारे जाहिरातींचा मारा सुरू झाला. त्यास आळा घालण्यासाठी पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी कॅलिफोर्नियात 'मॅप्स' नावाच्या उपक्रमातर्फे १९९७ मध्ये एक काळी यादी सुरू केली. नावावरून पत्ता शोधण्याची जी व्यवस्था जाळ्यावर होतीच, तिच्याच द्वारा 'अमुक पत्ता यादीत आहे काय?' असे कोणतेही टपाल-यंत्र क्षणार्धात विचारू लागले. पुढील वर्षी लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी 'स्पॅमहाउस' हा असाच प्रकल्प उभारला. अल्पकाळात अशा याद्या पुष्कळ झाल्या.

आरंभी या याद्यांचे तत्त्व आचरणाचे होते. ज्या पत्त्यावरून उपद्रव झाला तो पत्ता यादीत. उपद्रव थांबला की तो यादीबाहेर. लवकरच त्यात बदल झाला. कोणाचेही टपाल विनाचौकशी पुढे पाठविणाऱ्या टपाल-यंत्रांना त्या काळी 'खुले रिले' म्हणत. जाहिरातखोर त्यांचाच आश्रय घेत, म्हणून प्रत्यक्ष उपद्रव झालेला नसतानाही खुले रिले शोधून यादीत घालण्यात येऊ लागले. त्याच सुमारास टेलिफोनवरून जोडल्या जाणाऱ्या घरगुती वर्गणीदारांच्या पत्त्यांची एक स्वतंत्र यादी तयार झाली. या लोकांनी काही केले होते असे नाही. त्या वर्गाच्या पत्त्यांवरून थेट टपाल येण्याचे कारण नाही, एवढाच तिचा आधार. येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. 'या पत्त्याने काय केले?' या प्रश्नाची जागा 'हा पत्ता कोणत्या प्रकारचा आहे?' या प्रश्नाने घेतली.

टपालापुरता विचार केला तर या स्थित्यंतरात फारसे वावगे नव्हते. घरगुती वर्गणीदाराचे टपाल त्याच्या सेवादात्या कंपनीच्या यंत्रातून जाऊ शकत होते. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे होते. परंतु जी रीत एका क्षेत्रात निरुपद्रवी ठरली, ती दुसऱ्या क्षेत्रात तशीच ठरेल याची हमी नसते. शिवाय एक शब्दही या रीतीबरोबर आला. 'रिले' हा शब्द यादीकारांच्या तोंडी १९९० च्या दशकापासूनच संशयास्पद होता. टपालाचा खुला रिले शेवटच्या पेटीपर्यंत पत्र पोचवीत असे. टॉरचा मधला रिले कोणाच्याही पेटीपर्यंत पोचत नाही. दोहोंत नावाखेरीज साम्य थोडे. तथापि नामसादृश्याने विचाराची दिशा ठरावी, अशी उदाहरणे इतिहासात काही कमी नाहीत.

(५)

हा केवळ तर्क नव्हे. त्यास समकालीन पुरावा आहे. टॉरच्या तिन्ही निर्मात्यांनी २००५ मध्ये आपल्या जाळ्याच्या प्रत्यक्ष अनुभवांवर एक मसुदा-लेख लिहिला. त्यात त्यांनी पुढील गोष्टी नमूद केल्या आहेत. अनेक काळ्या याद्या रिलेंच्या निर्गम-धोरणांकडे लक्षच देत नाहीत. याचे एक कारण तसे करणे सोपे असते. दुसरे कारण असे की, टॉरशी संबंध ठेवणाऱ्या सर्वांनाच त्यायोगे शिक्षा करता येते. एक यादी तर ज्या २५६ पत्त्यांच्या समूहात टॉरचा एक रिले असेल तो समूहच वर्ज्य ठरवीत असे, आणि त्या समूहाकडून टपाल घेऊ नये असाही सल्ला देत असे. वास्तविक टॉरमधून टपाल पाठविण्याचे दार बंदच ठेवलेले होते. शेजाऱ्यांना त्रास झाला म्हणजे ते रिले चालविणाराला गप्प बसवतील, हा यामागील हिशेब. बाहेर काहीच न पाठविणारे मधले रिलेही या दडपणातून सुटले नव्हते.

हा पुरावा एका पक्षाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच लेखात दुसऱ्या पक्षाची बाजूही उदारपणे मांडलेली आहे. पत्त्यावरून माणूस ओळखणे भोळेपणाचे वाटले, तरी नवा पत्ता मिळविण्यास खर्च पडतो, म्हणून पत्ता अडविल्याने उपद्रवी माणसास खरोखरच अडचण होते, असे निर्मात्यांनी स्वतःच म्हटले आहे. याद्या करणारे मूर्ख नव्हते आणि दुष्टही नव्हते. रोजचा उपद्रव सोसणारी ती माणसे होती.

(६)

तरीही या रीतीचा हिशेब मांडून पाहिला तर निष्पन्न काय होते? निर्गम-रिलेचा पत्ता अडविला म्हणजे संकेतस्थळाकडे येणारी काही वाईट आणि काही चांगली अनामिक वाहतूक थांबते. त्यात लाभ किती व हानी किती, याविषयी वाद संभवतो. मधल्या रिलेच्या बाबतीत असा वादच संभवत नाही. त्या पत्त्यावरून टॉरची एकही विनंती संकेतस्थळापर्यंत येत नाही; म्हणून तो अडविल्याने टॉरमधून येणारा एकही उपद्रव कमी होत नाही. त्या पत्त्यावरून जे येते ते सर्व त्या घरातील माणसांचे असते: मुलांचा अभ्यास, आईचे औषध, भाड्याचा भरणा. म्हणजे या बंदीत सापडणारे लोक हे सर्वस्वी ते लोक आहेत, ज्यांना अडविण्याचा तिचा हेतूच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आपण म्हणतो. येथे तर चोर त्या रस्त्याने कधी जातच नाही, आणि फास मात्र त्याच रस्त्यावर टांगलेला आहे.

रिलेचा आणि घराचा पत्ता एकच का, हेही येथे सांगितले पाहिजे. जाळ्याच्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी असून ती अपुरी पडणार हे फार पूर्वीच दिसू लागले होते. म्हणून एकाच बाह्य पत्त्यामागे घरातील सर्व यंत्रे ठेवण्याची युक्ती १९९४ मध्ये पुढे आली, आणि मध्यवर्ती साठ्यातील पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये संपल्यावर तिच्यावाचून गत्यंतर उरले नाही. एका उंबऱ्यामागे राहणाऱ्या सर्वांची पत त्यामुळे एकत्र बांधली गेली. पुष्कळ घरांचा पत्ता अधूनमधून बदलतही असतो. तो बदलला म्हणजे जुना पत्ता दुसऱ्या कुटुंबाच्या वाट्यास येतो, आणि यादीची शिळी नक्कल वापरणारे संकेतस्थळ त्या निरपराध कुटुंबास अडविते. टॉरची सूची दर तासाला नवी होते. तिच्या नकला मात्र तशा होतातच असे नाही.

सरसकट यादीच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडता येतात. आजचा मधला रिले उद्या निर्गम-रिले होऊ शकेल. बाहेर पडण्याचा पत्ता नोंदलेल्या पत्त्याहून वेगळा असू शकेल. आणि दोन याद्या सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणे सोपे. यांपैकी पहिल्या दोहोंचे निरसन चाचणी घेऊन केलेल्या निर्गम-यादीनेच होते. दुसऱ्या मुद्द्यावरून तर उलट असे सिद्ध होते की, नोंदलेल्या पत्त्यांची सरसकट यादी निरपराधांना पकडते आणि ज्यांना पकडावयाचे त्यांतील काहींना सोडते. तिसरा मुद्दा खरा आहे; पण तो सोयीचा आहे, न्यायाचा नव्हे. ब्रिटनमधील एका यादीकाराने सर्व रिलेंची एक आणि केवळ निर्गम-रिलेंची दुसरी, अशा दोन वेगळ्या याद्या चालविल्या. भेद करणे अशक्य नव्हते, याचे याहून चांगले प्रमाण कोणते? परंतु कोणती यादी घ्यावयाची हे संकेतस्थळाच्या चालकावर सोपविले गेले, आणि पुष्कळ चालक स्वतः यादी निवडीतही नाहीत. ते दुसऱ्या कंपनीकडून पत्त्यांची 'पत' विकत घेतात आणि तीत टॉरच्या नावाखाली काय मोडते याची चौकशी करीत नाहीत.

(७)

पुढील दशकात या प्रश्नाचा अभ्यास झाला, पण तो मुख्यतः निर्गम-रिलेंपुरता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अग्रगण्य १,००० संकेतस्थळांपैकी ३.६७ टक्के स्थळे टॉरच्या वापरकर्त्यांना नाकारतात किंवा दुय्यम वागणूक देतात, असे आढळले. त्याखेरीज किमान १३ लाख पत्ते असे सापडले की, जे इतरांची जोडणी स्वीकारतात पण निर्गम-रिलेची स्वीकारीत नाहीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संकेतस्थळांचे रक्षण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने टॉरकडून येणाऱ्या विनंत्यांपैकी ९४ टक्के उपद्रवी असतात असे जाहीर केले, आणि टॉरच्या संस्थेने त्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. एका निर्गम-पत्त्यावरून असंख्य लोक येतात; त्यांतील एकाच्या उपद्रवाने पत्ता डागाळला म्हणजे त्यानंतर येणाऱ्या सर्वांच्या विनंत्या उपद्रवी म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो, हा वादाचा गाभा होता. २०१८ मध्ये त्याच कंपनीने टॉरच्या वापरकर्त्यांकरिता जाळ्याच्या आतूनच येण्याची वाट उपलब्ध करून दिली.

विकिपीडियाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. टॉरमधून येणाऱ्यास तेथे वाचण्याची मुभा आहे, लिहिण्याची नाही. आणि बंदी घालताना रिलेवरून बाहेर पडता येते की नाही हे पाहिले जाते. उपद्रव लेखनाने होतो, वाचनाने नाही, आणि तो निर्गमातून येतो, मध्यातून नाही, असे दोन साधे विवेक तेथे केलेले दिसतात. या बंदीविषयी मतभेद असू शकेल, परंतु तिच्यामागे विचार आहे.

(८)

याच उघड यादीचा दुसरा उपयोग दुसऱ्याच दिशेने झाला. चीनमध्ये प्रजासत्ताकाच्या साठाव्या वर्धापनदिनापूर्वी, सप्टेंबर २००९ मध्ये, टॉरच्या जाहीर रिलेंपर्यंत पोचण्याच्या वाटा बंद करण्यात आल्या. त्याकरिता हेरगिरी करावी लागली नाही. यादी सर्वांनाच उपलब्ध होती. हा धोका ओळखून २००६ पासूनच यादीत न येणाऱ्या 'पुलां'ची, म्हणजे अप्रसिद्ध प्रवेश-रिलेंची, योजना तयार होत होती. आज घरगुती साहाय्यकास जाहीर रिलेऐवजी असा पूल चालविण्यास सुचविले जाते. ही सूचना व्यवहार्य आहे. पण तिचा अर्थही समजून घेतला पाहिजे. एका देशात राज्याच्या भीतीने जे लपवावे लागले, तेच अन्यत्र दुकानदाराच्या संशयाने लपवावे लागत आहे.

याच्या उलट टोकाची एक घटना अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन या गावी घडली. तेथील किल्टन ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये एक रिले सुरू केला. तो मधला रिले होता. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याकडून मिळालेल्या सूचनेवरून स्थानिक पोलिसांनी विचारणा केली आणि ग्रंथालयाने तो तात्पुरता थांबविला. त्यानंतर १५ सप्टेंबर रोजी विश्वस्तांची सभा झाली, नागरिक बोलले, आणि रिले पुन्हा सुरू करण्याचे ठरले. निर्णय कोणता झाला यापेक्षा तो कसा झाला हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. आक्षेप घेणारा कोण हे ठाऊक होते, आक्षेप काय हे सांगितले गेले, उत्तर देण्यास जागा मिळाली आणि निवाडा सर्वांसमक्ष झाला. घरगुती रिले चालविणाऱ्याच्या वाट्यास यांतील एकही गोष्ट येत नाही. त्याच्या पडद्यावर बहुधा ४०३ हा आकडा उमटतो. त्याचा अर्थ एवढाच की प्रवेश निषिद्ध आहे. कायद्याच्या कारणाने नकार दिला असेल तर ४५१ हा वेगळा आकडा दाखवावा, असे फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रमाणित झाले. राज्याच्या मनाईस स्वतंत्र आकडा मिळाला. खाजगी संशयास तो मिळालेला नाही.

(९)

या बंदीचा परिणाम एका घरापुरता मर्यादित राहत नाही. अनामिक जाळ्याची सुरक्षितता त्याचे रिले किती वेगवेगळ्या हातांत आणि किती वेगवेगळ्या ठिकाणी आहेत यावर अवलंबून असते. घरगुती साहाय्यकाने कुटुंबाची गैरसोय पाहून रिले बंद केला, म्हणजे तेवढा भार भाड्याच्या यंत्रागारांवर जातो. रिलेंच्या क्षमतेचा मोठा भाग आज जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स आणि अमेरिका या मोजक्या देशांत एकवटलेला आहे. यास स्वस्त व वेगवान जोडणीसारखी इतरही कारणे आहेत, आणि सर्व दोष याद्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु याद्यांचा दाब त्याच दिशेने आहे, एवढे निःसंशय म्हणता येते.

उपाय अवघड नाहीत. संकेतस्थळाने निर्गम-यादीच वापरावी, ती ताजी ठेवावी, आणि नकार देताना कारण सांगावे. पत्त्यावाचूनही उपद्रव रोखता येईल अशा पद्धतींवर २००७ पासून संशोधन चालू आहे, आणि ओळख न सांगता विश्वास पटविणाऱ्या 'प्रायव्हसी पास' या पद्धतीचे प्रमाणीकरण २०२४ मध्ये झाले. म्हणजे ज्ञानाचा अभाव ही आता सबब राहिलेली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. टॉरची यादी तिच्या निर्मात्यांनी वाट दाखविण्यासाठी प्रसिद्ध केली होती. ती आरोपपत्र म्हणून वाचली गेली. वाचणारांची दृष्टी त्यापूर्वीच, टपालाच्या झगड्यात, घडलेली होती. आचरणाऐवजी प्रकार पाहण्याची सवय एकदा लागली की ती आपले मूळ कारण संपल्यावरही टिकून राहते, आणि ती सवय आहे हेच पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून अशा कोणत्याही यादीविषयी दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावे लागतात : ही कोणत्या कामासाठी केली होती, आणि आज ती कोणते काम करीत आहे? या दोहोंच्या उत्तरांत जेथे अंतर पडलेले असते, तेथे बहुधा कोणी तरी निरपराध माणूस दाराबाहेर उभा असतो.